आवडूचा झरोका

सांभाळून या. ते पायाशी चौकोनी भगदाड दिसतंय ना, लोखंडी जाळी टाकलेलं, त्याला आम्ही आवडूचा झरोका म्हणतो. कोणी विचारतं तोफेचा खड्डा का, कोणी म्हणतं खजिन्याचं तळघर. खजिना असता तर मी या वयात तुम्हाला होडीतून वल्हवत आणलं असतं का? वाका आणि बघा. खाली भुयार आहे. वरचा जांभा मोजा, जेमतेम हातभर. हे हातभर लक्षात ठेवा.

फार जुनी गोष्ट. असे सांगतात की या आपल्या वेळणकोटाला एकदा परक्या गलबतांनी वेढा घातला. आत साठ माणसं, त्यांत आमच्या गाबितांचीही काही कुटुंबं. तटावर डोकं काढलं की बंदुकीची गोळी यायची, म्हणून समुद्राची माणसं असूनही दीड महिना कोणाला समुद्र दिसला नाही, नुसता ऐकू यायचा. तांदूळ संपला. मग नाचणीचा कोंडाही संपला. पोरं रडायचीसुद्धा थांबली होती म्हणे.

उरलं होतं हे भुयार. किल्ल्यातल्या पाण्याच्या टाक्याच्या बाजूने आत शिरायचं आणि पोटावर सरपटत समुद्राकडे जायचं. बाहेरचं तोंड खडकांत असं लपलेलं की गलबतवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता. भरतीला सगळं भुयार पाण्याखाली जायचं, ओहोटीला मोकळं व्हायचं, आणि त्याच्या भिंतींना शिंपल्यांतली कालवं धरलेली असायची. धाकू तांडेलाची बायको आवडू लहानपणापासून कालवं काढणारी. हातात कोयती आणि कमरेला टोपली घेऊन ती रोज ओहोटी लागली की आत जायची. तिच्या टोपलीवर साठ माणसं जगत होती.

आता भरतीची वेळ आम्ही तिथीवरून धरतो. दर तिथीला पाणी दोन घटका उशिरा चढतं. किल्ल्यावरचे जोशीबुवा तापाने गेलेले, पंचांग वाचायला कोणी नाही. म्हणून बायका रोज सकाळी दोरीला एक गाठ मारायच्या. एक दिवस, एक तिथी. पण त्या अमावास्येनंतर प्रतिपदा दोन दिवस होती, तिथीची वृद्धी म्हणतात ती. दोरीला हे कोण सांगणार? गाठीने द्वितीया दाखवली, समुद्राची प्रतिपदाच होती. आवडूला वाटलं अजून दोन घटका हातात आहेत, आणि पाणी उलटलं. त्यात दिवस उधाणाचे.

मागची वाट सखल, ती आधी बुडाली. आवडू पुढे सरकून या भगदाडाखालच्या उंच कपारीत चढली. तिथे समुद्राकडे बोटभर फट आहे. तिने फटीला डोळा लावला असेल तेव्हा काय दिसलं असेल? गलबतवाल्यांचा पडाव, म्हणजे त्यांची लहान होडी, आत शिरायची वाट शोधत, अगदी खडकाला लागलेला.

वर आवडू परतली नाही म्हणून हाहाकार उडाला. भुयार कुठून कसं वळतं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. धाकू हातात पहार घेऊन कातळावर आडवा पडायचा, जमिनीला कान लावायचा आणि ओरडायचा, "आवडू! खंय आसस गो? आवाज दी, मी फोडतंय!" दहा पावलं सरकायचा, पुन्हा ओरडायचा. याच दगडावरही तो ओरडला. एक हाक खालून आली असती तर घटकाभरात बाई बाहेर निघाली असती. हाक आली नाही. किल्लेदार म्हणाला, "तांडेल, ती पाण्याबरोबर गेली. ऊठ आता." दुपारी भरती पूर्ण झाली तेव्हा धाकू उठला.

ओहोटीला लोक आत शिरले. आवडू कपारीत बसलेली होती, बुडून जीव गेलेला. तिने पदराचा बोळा करून स्वतःच्या तोंडात घट्ट कोंबला होता आणि वरून दोन्ही हात दाबून धरले होते. फटीबाहेर पडाव अजून तसाच उभा होता, माणसांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. तेव्हा सगळ्यांना उमगलं. तिने नवऱ्याची प्रत्येक हाक ऐकली होती. पण तिच्या तोंडून आवाज निघाला असता तर गलबतवाल्यांना भुयार सापडलं असतं, आणि तिच्यासाठी साठांचे गळे कापले गेले असते.

चार दिवसांनी वारा फिरला आणि गलबतं निघून गेली. त्या दिवशी धाकूने हा कातळ फोडला. पहारीचे पंधरा घाव पुरले म्हणे. मला ही गोष्ट सांगताना अजून राग येतो. कोणाचा, ते मात्र कळत नाही.

चला, ऊन उतरलं, होडीत बसा. आणि मी हाक मारेन तेव्हा कोणी गंमत म्हणूनही ओ देऊ नका. आजही कोटावरून शेवटची होडी सोडताना आम्ही होडीवाले तटाकडे तोंड करून ओरडतो, "आवडू, येतंस काय गो?" मग वल्हं उचलून पानाचा विडा चघळून होईतो थांबतो. काही ऐकू येत नाही. तिचा अजून विश्वास बसलेला नसणार. म्हणून निघण्याआधी प्रत्येक जण तिला एवढं सांगतोच, "गलबतां गेली गो, बाये. आता बोललंस तरी चलात."