वीस हात फेटा

हिरडगडच्या राजे खंबीररावांना आपला फेटा परत हवा होता, आणि तोही नऊ वर्षांपूर्वी टाकून दिलेला.

कारण साधं होतं. दर पाडव्याला शेजारचे पिंपरडोहचे राजे बुद्धिबळ खेळायला यायचे, खंबीररावांना दहा-बारा खेळ्यांत गारद करायचे आणि श्रीखंड-पुरी जेवून परत जायचे. खंबीरराव जिंकले होते ते एकदाच. त्या दिवशी डोक्यावर पांढऱ्या मलमलीचा वीस हात फेटा होता. पुढच्याच आठवड्यात त्याच्यावर आमटी सांडली आणि राजवाड्याच्या रीतीप्रमाणे तो मागच्या ओढ्यात गेला. राजवाड्यातलं सगळं ओढ्यातच जायचं; फुटकं, फाटकं, शिळं, नासकं. त्या ओढ्यात पूर्वी पाणी होतं, असं म्हातारी माणसं सांगायची.

यंदा पाडवा परवावर आला तेव्हा राजांना फेटा आठवला. चौकशी झाली. राजवाडा सारवणाऱ्या तानूबाईनं तो ओढ्यातून उचलला होता, असं कळलं.

"आमचा फेटा आण," राजे म्हणाले. "होता तसा, वीस हात, उद्या संध्याकाळच्या आत. नाहीतर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालती हो."

तानूबाईच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला पाठुंगळी घेऊन कुठं जायचं? पण तिनं तोंडावर काही दाखवलं नाही.

"देते की, सरकार. फेटा इथंच आहे, राजवाड्यात. फक्त गोळा करायला सरकारांनी बरोबर यावं. लोक माझं ऐकायचे नाहीत."

राजे निघाले. तानूबाई त्यांना थेट राणीसाहेबांच्या दालनात घेऊन गेली. पाळण्यात दीड महिन्याचे बाळराजे झोपले होते.

"अंगाखालची दुपटी," तानूबाई हळूच म्हणाली. "आठ हात आहेत. जुनी मलमल मऊ, म्हणून शिवून दिली होती. सरकारांची चारही लेकरं त्यावरच वाढली. काढू?"

राणीसाहेबांनी मान वर केली. दोन रात्री त्यांचा डोळा लागलेला नव्हता.

"आत्ता कुठं झोपलाय," त्या म्हणाल्या. "कुणी हात लावून तर बघा."

राजांनी थोडा विचार केला. "ते आठ हात राहू देत," ते म्हणाले आणि पाय न वाजवता बाहेर आले.

मग मुदपाकखाना. खुंटीला पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का टांगला होता. खाली पातेल्यात पाणी ठिबकत होतं.

"हे फडकं पाच हात," तानूबाई म्हणाली. "सोडू?"

"सोडा, पण मग परवा श्रीखंड नाही," आचारी म्हणाला. "पाहुण्यांना ताक वाढेन."

राजे फडक्याकडे बघत राहिले. "म्हणजे नऊ वर्षं आम्ही आमच्या फेट्यातनं..."

"दर खेपेला उकळून घेते, सरकार. पहिल्या वर्षी जरा खारट झालं होतं म्हणतात."

राजांनी हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "राहिले किती?"

"सात हात. त्याचं पोतेरं केलं. दरबाराची जमीन आठ वर्षं त्यानंच सारवली. पार झिजलं तेव्हा यंदा न्हाणीच्या चुलीत घातलं. सरकारांनी त्याच पाण्यानं अंघोळ केली."

"म्हणजे जळलं. संपलं."

"संपतंय कुठं? राख परसातल्या दुधीच्या वेलाला घातली. वेल असा फोफावला की बास."

"आणि दुधी?"

"काल हलवा झाला. सरकारांनी दोनदा मागून घेतला."

आचाऱ्यानं मान हलवली. ते खरं होतं.

"तेव्हा सात हात सरकारांच्या पोटात आहेत," तानूबाई म्हणाली. "काढायचे कसे ते वैद्यबुवांना विचारावं लागेल. पण मी म्हणते, काढता कशाला? डोक्यावरचा फेटा वाऱ्यानं उडतो, आमटीनं भिजतो. पोटातला कुठं जातोय? तसेच खेळायला बसा."

राजांना हे पटलं. निदान दुसरं काही सुचलं नाही. पण माणूस हट्टी.

"ठीक. खेळतो तसेच. मात्र हरलो, तर तुझं बिऱ्हाड बाहेर."

पाडव्याला डाव मांडला. तानूबाई दाराआड उभी राहिली. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ती नुसत्या खेळ्या मोजत होती. डाव दुपारपर्यंत चालला. श्रीखंडाची वेळ टळून गेली. पिंपरडोहच्या राजांना नऊ वर्षांत प्रथमच घाम फुटला. आणि शेवटी खंबीरराव हरलेच.

पाहुणे गेल्यावर तानूबाईला पुढं उभं केलं.

"हरलो आम्ही," राजे म्हणाले. "फेटा पोटात असून."

"सरकार, एरवी किती खेळ्यांत हरता?"

कारभारी खाली बघू लागले. "दहा-बारा," राजे म्हणाले.

"आज एक्केचाळीस झाल्या. वीस हात फेटा होता तेव्हा जिंकलात. आज सातच हात होता, तर एक्केचाळीस खेळ्या टिकलात. फेट्यानं त्याच्या मापाचं काम चोख केलं. उरलेले तेरा हात दुपट्यांत नि चक्क्यात कुणी राहू दिले, ते मी कशाला सांगू?"

राजांची मिशी आधी एका बाजूनं हलली, मग दोन्ही. मग ते असे हसले की पोट धरून बसावं लागलं.

"माग काय हवं ते," डोळे पुसत ते म्हणाले.

"राजवाड्यातली टाकायची वस्तू ओढ्यात जायच्या आधी माझ्या अंगणात यावी. त्यातलं ओढ्यात जाण्यासारखं काही निघणार नाही."

"दिलं. आणखी?"

"मग अंगण जरा मोठं लागेल."

राजांनी तिच्या घराला लागून दोन बिघे जमीन दिली, सासूच्या औषधाला वैद्यबुवा लावून दिले, आणि खुशीत येऊन डोक्यावरचा जरीचा फेटा उतरवून तिच्यापुढं धरला.

तानूबाईनं तो हातात घेतला, बोटांनी चाचपला, उजेडाला धरून पाहिला आणि परत दिला.

"अजून चारेक वर्षं जाईल, सरकार. मऊ झाला की पाठवा."