शेजाऱ्याकडे धाडलेला डबा

कोणे एके काळी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक बाशिंगवाला आणि एक सनईवाला भिंतीला भिंत लावून राहत होते. एक नवरदेवाच्या कपाळी बांधायची बाशिंगं करी, दुसरा मांडवाच्या दारात सनई वाजवी. पंचक्रोशीतलं एकही लग्न या दोघांवाचून लागत नसे. त्यामुळे दोन्ही घरी बरं चाललं होतं.

मग सिंहस्थ आला. तो बारा वर्षांनी येतो, आणि येतो तेव्हा वर्षभर कुणी लग्न काढत नाही. दुष्काळ न सांगता येतो, त्याला माणूस काय करणार? हे संकट मात्र पंचांगाने कधीचं सांगून ठेवलं होतं. बाशिंगवाल्याची बायको तर केव्हापासून कानीकपाळी ओरडत होती, "अहो, चार दाणे बाजूला टाकू या." तो म्हणे, "टाकू की." टाकले कधीच नाहीत. असले "टाकू की"वाले आपल्यातही काही कमी नाहीत.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं, पण पुढे माणसांचं एकही लागेना. कणगी तळाला गेली. तेव्हा बायकोने घरखर्चाला कात्री लावली. दूध बंद, भाकरीबरोबर चटणी आणि सणाला गुळाचा खडा. बाशिंगवाल्याने मान डोलावली, पण हळूच म्हणाला, "शेजारी कळता कामा नये. म्हणतील, यांच्या घरात खायला नाही."

भाकरी-चटणीची त्याला लाज वाटली. लाजेचं हे असंच असतं, ती आधी भलत्याच दारात जाऊन बसते.

संक्रांत आली. शेजाऱ्याला शंका नको, म्हणून त्याने उरलंसुरलं तूप काढून बायकोला गुळाच्या पोळ्या करायला लावल्या आणि पितळी डबा भरून सनईवाल्याकडे धाडला. आता, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत कुणाला ठाऊक नाही? डबा परत आला तो साखरभाताने भरून, वर बेदाणे पेरलेले.

"बघितलंस?" बाशिंगवाला म्हणाला. "त्यांचं झकास चाललंय. आता होळीला आपण पुरणपोळ्या धाडू."

"कशाला? झाली की देवाणघेवाण," बायको म्हणाली.

"गप्प बसलो तर काय म्हणतील?"

"म्हणतील, यांच्याकडे नाही."

"तेच तर नको ना."

"पण नाहीच आहे आपल्याकडे," ती म्हणाली.

होळीला त्याने बाशिंगांची बेगड विकली. ती चकचकीत बेगड पुढच्या हंगामासाठी ठेवलेली होती. पुरणपोळ्या गेल्या, डबा खव्याच्या पोळ्या घेऊन परत आला. पाडव्याला केशर घातलेलं श्रीखंड गेलं, डबा बासुंदी घेऊन आला. बाशिंगवाला बासुंदी खाई आणि शेजाऱ्याच्या सुबत्तेवर जळे. एवढी मिळकत यांना सिंहस्थात कुठून होते, हा साधा प्रश्न त्याला पडला नाही.

अक्षय्य तृतीया जवळ आली. आता आमरस धाडायचा, म्हणून तो बाशिंगांना लावायचे मोती विकायला मोठ्या गावच्या बाजारात गेला. तिथे जुनं सामान घेणाऱ्याच्या दुकानात एक सनई टांगलेली होती. तिच्या गळ्याला चांदीची बारीक कडी होती. ती कडी त्याने शेकडो लग्नांत पाहिली होती.

"ही कुणी विकली?" त्याने विचारलं.

"तुमच्याच बाजूचा एक म्हातारा होता," दुकानदार म्हणाला. "मी म्हटलं, अहो, हे तर तुमचं पोट. तर म्हणाला, शेजाऱ्याचा डबा आलाय, रिकामा कसा पाठवू?"

बाशिंगवाल्याने मोत्यांची पुडी पुढे केली. "हे सगळे घ्या, पण ती मला द्या."

"विसार घेतलाय मी. गिऱ्हाईक आज न्यायला येणार."

मोती तसेच घेऊन तो घरी आला, तो खालच्या मानेने. बायकोला सगळं सांगितलं. मग तो तसाच शेजारच्या ओसरीवर गेला. तिथे चार माणसं बसली होती. ती उठून जाईपर्यंत थांबावं असं त्याच्या मनात आलं, पण तो थांबला नाही.

"दादा, या सणाला डबा येणार नाही," तो म्हणाला. "घरात काही नाही. संक्रांतीलाही नव्हतं. मी नुसता देखावा केला."

सनईवाल्याची बायको दारात आली. "तुमचा डबा दिसला की मी आधी रिकामी मडकी चाचपायची, भावजी. गोड घास तोंडात नुसता फिरायचा. याच्यात आता काय भरू, एवढंच मनात."

"संक्रांतीला एवढं बोलला असतास," सनईवाला म्हणाला, "तर माझी सनई आज घरात असती." मग म्हणाला, "तोंड मलाही होतंच म्हणा. मीही बोललो नाही."

त्या दिवसापासून दोन घरांची चूल एक झाली. जे असेल ते उघड्यावर शिजायचं आणि वाटून खायचं. दोघींनी रोज मूठभर धान्य मागे टाकायला सुरुवात केली आणि सिंहस्थ कसाबसा निभावला.

पुढे लग्नं सुरू झाली. बाशिंगवाल्याने उरलेल्या मोत्यांवर बाशिंगं केली. पहिल्याच लग्नात परगावचा एक पोरगा सनई वाजवत होता, कच्ची आणि बेताची. त्याच्या मागे मोडका पावा घेऊन, नुसता सूर धरून, आपला सनईवाला बसला होता. साऱ्या पंचक्रोशीच्या सुना ज्याच्या सनईवर घरात आल्या, त्याला आता कुणी वळूनही बघत नव्हतं.

बाशिंगवाल्याने नवरदेवाच्या कपाळी बाशिंग बांधलं. बिदागी घेतली आणि नव्या सनईसाठी बाजूला बांधून ठेवली. पंगतीत लोक हाका मारत होते, पण तो जेवला नाही. तो मांडवाच्या दारातून बाहेर पडत होता, तेव्हा सनईवाल्याने मान हलवून त्याला ओळख दिली. बाशिंगवाल्याला वर बघता आलं नाही.

तात्पर्य: तंगीत हात आखडता घ्यावा आणि तसं उघड सांगावं, खोट्या थाटापायी आपलं घर तर बसतंच, शेजाऱ्याचंही बसतं.