टिटवीची राखण

रानात अजून माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हा तिथे एक रीत होती. टिटवीची अंडी उघड्या माळावर असायची. ती सगळ्यांनी पाळीपाळीने राखायची आणि टिटवीने जे दिसेल ते ओरडून सगळ्यांना सांगायचं.

एकदा भरसभेत बिबट्या गुरगुरला, "ही चितळांची झालीय! मी पाण्यावर निघालो रे निघालो, की हिची बोंब सुरू."

"आमची कसली?" चितळीण फणकारली. "आम्हाला कोवळं गवत सापडलं, तेही हिनेच रानभर केलं!"

"मग उद्यापासून हिची राखण बंद," बिबट्या म्हणाला. बऱ्याच माना डोलल्या.

टिटवी अंड्यांवर येऊन बसली, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. आपलंच तर चुकत नसेल? जरा हळू ओरडावं का? एवढ्यात ओढ्यातून रानकुत्र्यांचा कळप वर आला आणि झोपलेल्या बिबट्याच्या रोखाने निघाला. ती नुसती गप्प राहिली असती, तरी तिच्यामागची पीडा टळली असती.

"रानकुत्री!" ती जीव तोडून ओरडली. "ओढ्याकडून आली, बिबट्याच्या अंगावर!"

बिबट्या एका झेपेत झाडावर चढला. वरच्या फांदीवरून वानराने विचारलं, "काय बिबटेराव, टिटवी चितळांची ना? मग आधी ओढ्याकडे वळून तरी बघायचंत!"

बिबट्याने लोंबणारी शेपटी वर ओढून घेतली. खाली कुत्री भुंकत होती.

"उद्या राखणीची पाळी कोणाची आहे?" त्याने हळूच विचारलं.