झाडू मागे, ढाल पुढे

नगरपालिकेच्या हजेरी शेडमध्ये सकाळचा चहा उकळत होता, तेवढ्यात बाजारपेठेत दंगल उसळल्याची बातमी आली. पोलीस उपअधीक्षक रणपिसे यांनी स्वच्छता निरीक्षक सुलभाताईंना बोलावून फर्मावलं, "तुमच्या सफाईवाल्या बायका आधी रस्त्यातले दगड उचलतील, मग आमची गाडी आत जाईल."

गेल्या दंगलीत अशीच पुढे पाठवलेली गोदाक्का परत आली नव्हती.

सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "चालेल साहेब. तुमची हेल्मेटं आणि ढाली बायकांना द्या. झाडू तुम्ही धरा आणि आमच्या मागून सावकाश या, घाई नाही."

साहेबांसोबतचा हवालदार मान खाली घालून हसला. साहेबांनी हेल्मेट चढवलं आणि ते पुढे झाले. त्यांच्या मागून बायका गेल्या आणि सगळ्या परतल्या.

गोदाक्काच्या लेकीला भेटायला जायचं मात्र सुलभाताईंचं त्याही दिवशी राहिलं.