शंभर प्रश्नांची वही

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावाला आपल्या शाळेचा भारी अभिमान होता. अभिमानाचं कारण होतं एक वही. लाल फडक्यात बांधलेली, कोपरे झिजलेली, आत शंभर प्रश्न आणि त्यांची शंभर उत्तरं. ती कुणी लिहिली हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

दर वर्षी माघ महिन्यात गावातली पाच जाणती मंडळी शाळेत येत. सतरंजीवर मांडी घालून बसत, वहीतले प्रश्न विचारत आणि मुलं वहीतली उत्तरं एका सुरात म्हणत. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही, तर शिकवणारा पुढच्या वर्षी राहायचा. झाला, तर त्यानं वळकटी बांधायची.

अशा या शाळेत एक तरुण शिक्षिका आली. मोठ्या गावी जाऊन शिकलेली, बोलायला तिखट. लहानग्यांचा वर्ग तिच्याकडे आला. महिनाभरात तिला कळून चुकलं, की शिकवणं हे शिक्षिकेच्या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड ती बाकीची कामं. नाकं पुसायची, नाडीच्या गाठी सोडवायच्या, कुणी कुणाच्या पाटीवर थुंकून ती पुसली याचा न्याय करायचा, आणि न्याय करून होईतो तिसऱ्यानं चौथ्याची पेन्सिल खाल्लेली असायची. संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असे. पण सात नेहमी उलटा काढणारी एखादी पोर एके दिवशी तो सुलटा काढायची, पाटी डोक्यावर धरून वर्गभर नाचायची, आणि शिक्षिकेला वाटायचं, आपण या गावातून कुठेही जाऊ नये.

एक दिवस वर्गात सदतिसावा प्रश्न चालला होता. मुंग्या रांगेत का चालतात? मुलं ओरडली, "मुंग्यांना शिस्त असते म्हणून."

पुढच्या रांगेत येसू नावाची मुलगी बसायची. सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. तिनं विचारलं, "बाई, पण त्यांना शिस्त लावतं कोण?"

वर्ग हसला. शिक्षिकेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला माहीत नाही. अशा वेळी काय म्हणायचं हे तिला ठाऊक होतं. मोठी झालीस की कळेल, असं म्हणायचं. लहानपणी तिला स्वतःला हे कितीतरी वेळा सांगितलं गेलं होतं, आणि ती मोठी झाली तरी त्यातलं काहीही कळलेलं नव्हतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "बघू या."

त्या दिवसापासून वर्गाचा अर्धा वेळ ओसरीवर जाऊ लागला. गुळाचा खडा ठेवायचा, मुंग्या यायची वाट बघायची आणि पालथं पडून त्यांच्याकडे टक लावायची. शिक्षिकाही पदर खोचून पालथी पडे. कुणी म्हणे पुढची मुंगी मागचीला हाक मारते, कुणी म्हणे त्यांच्यात एक मुंगीबाई असते. चार दिवस काहीच उलगडलं नाही.

पाचव्या दिवशी एक पाटी चुकून मुंग्यांच्या वाटेवर राहिली. मुंग्या तिच्यावर चढून सरळ पलीकडे जाऊ लागल्या. येसूनं जाता-जाता ती पाटी पायानं जराशी फिरवली, आणि सगळे बघतच राहिले. मुंग्या पाटीवर चढल्या, पण गुळाकडे सरळ न जाता तिरक्या चालू लागल्या. पाटी जिकडे फिरली होती, तिकडेच त्यांची वाटही फिरली होती. पाटीची कड आली तशा त्या गोंधळून गोल-गोल हिंडू लागल्या.

पुन्हा करून पाहिलं. दहा वेळा केलं. मग ओल्या फडक्यानं पाटी पुसली, तर तिच्यावरची वाटच नाहीशी झाली. मुंग्या चालताना जमिनीवर काहीतरी ठेवून जातात, दिसत नाही असं काहीतरी, आणि मागच्या त्याच्या मागे जातात, एवढं मुलांनी आपलं आपण ओळखलं. त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी घरी जाईना.

ही बातमी शाळेच्या थोरल्या गुरुजींच्या कानी गेली. ते वाईट नव्हते. त्या वहीच्या आधारानं त्यांची तीस वर्षं सुखात गेली होती, इतकंच. त्यांनी शिक्षिकेला बाजूला घेतलं आणि समजावलं, की वर्षभर मुंग्या बघा, बेडूक बघा, पण माघातल्या त्या एका दिवशी मुलांना वहीतलंच म्हणू द्या. एका ओळीपायी शाळा सोडावी लागेल.

शिक्षिकेला रात्रभर ते पटत राहिलं. एकच दिवस तर होता. सकाळी तिनं मुलांना तसं सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या. येसूनं नाही डोलावली.

"मग खरं कोणत्या दिवशी सांगायचं?" तिनं विचारलं.

शिक्षिकेनं हातातला खडू ठेवून दिला. मग म्हणाली, "जे पाहिलंय तेच सांगा."

माघ आला. पाच जण सतरंजीवर बसले. मधोमध सगळ्यांत वयस्कर आबा, पागोटं काढून शेजारी ठेवलेलं. छत्तीस प्रश्न बिनबोभाट झाले. सदतिसावा आला आणि सगळा वर्ग येसूकडे वळला. मग येसू उठली आणि वहीतलं चुकलंय असं म्हणाली.

एक जण उसळला. आमच्या आज्यापणज्यांनी जे पाठ केलं ते चूक आणि कालची पोर बरोबर, असं का, असं त्यानं विचारलं. येसू बाहेर पळाली. तिनं गूळ आणला, पाटी आणली. मुंग्या यायला वेळ लागला आणि तेवढा वेळ पाचही जणांना गप्प बसावं लागलं, जे त्यांना फारसं जमत नसे. मग तिनं पाटी फिरवली. मुंग्या तिरक्या निघाल्या आणि कडेवरून उतरून आबांच्या पागोट्यात शिरल्या.

आबा रागावले नाहीत. ते गुडघ्यांवर रांगत पुढे आले, पाठोपाठ बाकीचेही आले, आणि दोन घटका गावची पाच जाणती डोकी एका पाटीला चिकटून राहिली.

शेवटी ते उठले आणि आपसांत कुजबुजले. निकाल मोठ्या कौतुकानं सांगण्यात आला. बाई हुशार आहेत. बाईंनी कायम राहावं. वही आता बाईंनीच नव्यानं लिहावी, सुंदर अक्षरात, सदतिसाव्या प्रश्नाचं नवं उत्तर घालून, आणि पुढच्या वर्षीपासून सगळ्या मुलांनी ते पाठ करावं.

थोरल्या गुरुजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. शिक्षिकेला हवं होतं ते सगळं समोर होतं. शाळा, मुलं आणि वर मानसन्मान. फक्त हो म्हणायचं होतं. तेवढ्यात येसूनं तिचा पदर ओढला आणि मुंगळेही असंच करतात का, असं हळूच विचारलं.

पाचही जणांनी नकळत वहीकडे पाहिलं. वहीत मुंगळे नव्हते.

"मी वही लिहिणार नाही," शिक्षिका म्हणाली. "आज खरं आहे म्हणून उद्या पाठ करून घेतलं, तर हीच मुलं पुन्हा शिस्तीच्या उत्तरासारखंच घोकतील, फक्त शब्द वेगळे असतील. परीक्षा घ्यायची तर जरूर या. पण येताना असा प्रश्न आणा, ज्याचं उत्तर तुम्हालाही येत नाही. नसेल पटत, तर मी वळकटी बांधते."

एवढं उद्धट बोलणं त्या सतरंजीनं कधी ऐकलं नव्हतं. चौघं जाण्यासाठी उठले. आबा मात्र अजून पाटीकडे बघत होते.

"बाईंना वर्षभर राहू दे," ते म्हणाले. "मला मुंगळ्यांचं बघायचंय."

पुढचं वर्ष त्या पाच जणांना फार जड गेलं. आपल्याला येत नाही असं काही शोधायची त्यांना सवयच नव्हती. एकानं उत्तर येत असूनही येत नाही असं भासवून प्रश्न आणला, तो मुलांनी पकडला आणि परत पाठवला. तिघांनी येणंच टाळलं. आबा सगळ्यांत शेवटी आले आणि उंबऱ्यातच घुटमळले.

"भाकरी तव्यावर फुगते," ते म्हणाले, "ती कशानं? सात वर्षांचा असताना आईला विचारलं होतं. ती म्हणाली, गप जेव. मग विचारायचं राहूनच गेलं."

मुलांनी शिक्षिकेकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तिलाही माहीत नव्हतं.

येसूनं आपल्या बसकरावर थोडं सरकून जागा केली. "इथे बसा, आबा," ती म्हणाली. "पीठ कोण आणणार ते आधी ठरवू."

तात्पर्य एवढंच, की लहानांना उत्तर देऊन गप्प करणारा फक्त वयानं मोठा असतो. 'मला माहीत नाही, चल बघू' असं म्हणणारा त्यांना शिकवतो.