तिसरी हाक बारवेवर

पूर्वी अंबावती नगरीवर मेघवर्मा राजाचं राज्य होतं. राजा दूर राजधानीत राहायचा आणि नगरीचा कारभार नगरश्रेष्ठी पाहायचा. त्या काळी बोधिसत्त्वानं एका गुराख्याच्या घरी जन्म घेतला. त्याचा आवाज असा खणखणीत, की या टेकडीवरून दिलेली हाक पलीकडच्या टेकडीवरच्या गाईला ऐकू जायची. नगरश्रेष्ठी भद्रसेनानं तो आवाज ऐकला आणि त्याला नगरसभेच्या दारात उभं केलं. काम एकच, सभेच्या वतीनं हाक द्यायची. लोक त्याला हाकाऱ्याच म्हणायचे.

भद्रसेन काही नुसता बसून खाणारा माणूस नव्हता, हे आधी सांगायला हवं. त्याच्या आधी नगरीतल्या बायका कोसभर चालून पाणी आणत. त्यानं नगरीच्या मधोमध बारव खणली आणि थेट पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या बांधल्या. लोक त्याला हार घालत, आणि हार घालण्यासारखं काम त्यानं केलंच होतं.

हे हार कुंदा नावाची माळीण करायची. रोज सकाळी ती टोपली घेऊन सभागृहात यायची. दाराला तोरण, पंचांच्या आसनांना माळा आणि एक हार भद्रसेनाच्या आतल्या दालनात. एक दिवस ती त्या दालनातून धावतच बाहेर आली. टोपली आत राहिली होती, एका हातातली काकणं फुटली होती. ती घरी गेली नाही. तशीच भर बाजारात जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, की श्रेष्ठी कितीक दिवस माझा हात धरतो आहे, आज त्यानं दार लावून घेतलं.

मग काय, नगरीला दुसरा विषयच उरला नाही. कुंभाराच्या भट्टीपाशी तेच, न्हाव्याच्या ओट्यावर तेच. कोणी म्हणे, एवढं होतं तर ही रोज जायचीच कशाला. जायची, कारण त्या फुलांवर तिचं पोट होतं. पण हे उत्तर ऐकायला कोणी थांबत नव्हतं. कोणी म्हणे, पहिल्याच दिवशी का नाही बोलली. एक कासार म्हणाला, हार घालायला गेली आणि स्वतःच गळ्यात पडली असेल, त्यावर ओटाभर माणसं हसली. काहींना खरोखर वाईट वाटत होतं. पण तेही शेवटी बारवेकडे बोट दाखवून गप्प होत. जसं काही पाणी पाजणाऱ्याचा हात कधी वाकडा जातच नाही. भद्रसेनानं एवढंच सांगितलं, की शिळी फुलं आणली म्हणून मी तिला बोललो, तिचा राग ती असा काढते आहे.

पंचांनी सभा बोलावली. नियम जुना होता. श्रेष्ठीविरुद्ध एकट्या माणसाचा शब्द धरायचा नाही. आणखी कोणाचं काही म्हणणं आहे का, हे तीनदा हाक देऊन विचारायचं. तिसऱ्या हाकेबरोबर बारीक भोकाचं तांब्याचं वाडगं पाण्यावर सोडायचं. ते बुडेपर्यंत कोणी बोललं नाही तर तक्रार खोटी, आणि खोटी तक्रार करणाऱ्यानं घरदार सोडून वेशीबाहेर जायचं. म्हणजे कुंदाचं घर जाणार होतं आणि फुलबागही. हाक देणाऱ्यानं मात्र स्वतःचं काही बोलायचं नाही. त्याचा आवाज तेवढा सभेचा.

आदल्या दिवशी भद्रसेनानं बोधिसत्त्वाला बोलावून घेतलं. म्हणाला, पंचांतली एक जागा रिकामी होते आहे, गुराख्याच्या पोराला तिथं दुसऱ्या कोणी बसवलं नसतं, मी बसवीन. फक्त उद्या तिन्ही हाका पाठोपाठ दे, उगाच लांबवू नकोस.

बोधिसत्त्व घरी आला. त्या जागेचा मोह झाला नाही असं नाही. पण त्याला ते दार आठवत होतं. बारा वर्षं तो तिथं उभा होता. चंदन उगाळणारी सुभगा एकदा खाली मान घालून त्याच्यासमोरून गेली ती पुन्हा कधी आली नाही. झाडलोट करणाऱ्या दोन मुलींनी असंच काम सोडलं. त्यानं पाहिलं होतं आणि एकीलाही थांबवून विचारलं नव्हतं, की बाई, काय झालं? इथं तो चुकला होता, आणि त्यानं ते स्वतःशी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. बसलेले सगळे पुरुष; बायकांना आत बसायची चालच नव्हती. कुंदाला एकटीला मधोमध उभं केलं होतं. तिनं आपलं म्हणणं न रडता सांगितलं. बोधिसत्त्वानं पहिली हाक दिली. कोणी बोललं नाही. दुसरी दिली. मागे कोणीतरी खाकरलं, तेवढंच. मग बोधिसत्त्वानं तांब्याचं वाडगं उचललं आणि तो दाराकडे चालू लागला.

वडील पंच यज्ञदत्त म्हणाले, "कुठं निघालास?"

"तिसरी हाक द्यायला."

"ती इथंच दे."

"इथं दोनदा दिली, आजोबा. तिसरी कुठं उभं राहून द्यायची, हे नियमात नाही."

यज्ञदत्तांनी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं. भद्रसेन हसत म्हणाला, "हाकाऱ्या, या दारात तुला मी उभं केलं, विसरू नकोस."

"विसरलो नाही, श्रेष्ठी. म्हणून तर या दारातून गेलेली प्रत्येक बाई मला दिसली."

तो बारवेवर गेला. मागून पंच आले, सभा आली, कुंदा आली. पायऱ्यांवर बायका घडे भरत होत्या. बोधिसत्त्व खाली उतरला, त्यानं वाडगं पाण्यावर सोडलं आणि सगळा आवाज लावून हाक दिली, की श्रेष्ठी भद्रसेनाविरुद्ध आणखी कोणाचं म्हणणं आहे का?

बायका जागच्या जागी थांबल्या. कोणी वर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, कोणी सासऱ्याकडे. वाडग्यात पाणी चढत होतं. अर्धं भरलं, मग काठाशी आलं. कुंदानं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सुभगानं आपला घडा पायरीवर ठेवला.

"माझं आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. पाणी यानं आणलं म्हणून मी गप्प बसले. रोज हा घडा भरताना मला वाटायचं, ज्यानं मला तोंड दाखवायची सोय ठेवली नाही त्याचंच मी पितेय."

मग वरच्या पायरीवरून एक आवाज आला, "माझंही." मग पलीकडून आणखी एक. वाडगं कधी बुडालं हे कोणी पाहिलंच नाही. सात जणी बोलल्या. ओट्यावर तसं बोललेल्या कासाराची बहीण त्यांत होती, आणि तो तोंडावर उपरणं घेऊन निघून गेला.

भद्रसेनाची गादी गेली. कुंदाचं घर राहिलं. तरी काही लोक म्हणतच राहिले, की काही झालं तरी पाणी त्यानंच आणलं. बोधिसत्त्व त्यांना म्हणायचा, हो, त्यानंच आणलं. पाणी प्या आणि खरंही बोला. तो स्वतः कुंदाकडे गेला आणि म्हणाला, की मी दारात उभा होतो, मला आधी विचारायला हवं होतं. ती हार ओवत होती. "उशीर केलात, दादा," ती म्हणाली आणि त्याला बसायला पाट दिला. पंचांतली जागा त्याला कोणी दिली नाही. पण त्या दिवसापासून अंबावतीत तिसरी हाक बारवेवरच द्यायची असं ठरलं.

एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान, विहारात समोर बसलेल्यांना म्हणाले, "तेव्हाचा भद्रसेन म्हणजे आपल्या विहाराला भिंत बांधून देणारा, आज पुढच्या रांगेत बसलेला हा गृहस्थ. तेव्हाची सभा म्हणजे त्याची स्तुती करणारे तुम्ही. कुंदा म्हणजे काल जिचं या गृहस्थाविरुद्धचं बोलणं तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत ती तरुण भिक्खुणी. सुभगा म्हणजे मागे रांजणापाशी उभी असलेली उपासिका. आणि हाकाऱ्या मी होतो. यातला गुण म्हणजे सत्य. ते सांगणाऱ्याच्या जिभेवर असतं, तसं विचारणाऱ्याच्या पायांतही असावं लागतं."

मग शास्ते आसनावरून उठले आणि भिक्खुणी बसल्या होत्या तिकडे चालत गेले.