शिवराळ खडक

तो समोर काळा खडक दिसतो, धक्क्यापासून पन्नास वाव, म्हणजे पन्नास पुरुष पाण्यात आत, त्याला शिवराळ म्हणतात. त्याच्यावर चढायचं नाही, त्याच्यासमोर फोटो काढायचे नाहीत. या बेटावर बघायला काय काय आहे, असं तुम्ही होडीतून उतरतानाच विचारलंत. एक विहीर आहे, एकवीस घरं आहेत आणि हा खडक. करायला काय आहे? ऐकायचं. ऐकायचं नसेल तर होडी अजून सोडलेली नाही.

मघाशी उतरताना मी तुम्हाला शिवी घातली. तुमच्यातल्या चष्मेवाल्यानं मला उलट सुनावलं. त्यानं तर नीटच ऐकावं.

पूर्वी असं नव्हतं, म्हणे. पूर्वी या बेटावर, काळखडपावर, होडी लागली की अख्खं गाव पाण्यात उतरायचं. ओळखीचा असो, परका असो, त्याच्या होडीला प्रत्येकाचा हात लागायचा. होडी वाळूत ओढली की तांब्याभर पाणी यायचं. पाहुण्यानं आधी प्यायचं, मग तोच तांब्या गावात फिरायचा. एका तांब्यातलं पाणी प्यालेली माणसं एकमेकांचा घात करत नाहीत, असा समज. लांबलांबचे खलाशी आमचं नाव काढायचे. गाव त्या कौतुकानं फुगलं होतं.

त्या काळात इथं धाकलू तांडेल नावाचा माणूस होता. होडी त्याची, घर त्याचं आणि त्याची आई भागी, एवढाच संसार. धाकलू इतका गोडबोल्या की जाळ्यात अडकलेल्या खेकड्यालाही 'बाबा, पाय आवर' म्हणायचा, असं सांगतात. पोरं त्याची टिंगल करायची. शिवी द्यायची पैज लावली तर हरायचा.

एका वर्षी आगोटीच्या, पाऊस लागायच्या आधी धाकलू तांदूळ आणायला किनाऱ्यावर गेला. जाताना एकटा होता, येताना तिकडचे दोन गडी सोबत घेतले. चार दिवसांत येतो म्हणाला होता. आठवा दिवस उजाडला. भागी सकाळपासून धक्क्यावर बसून होती. दुपार कलल्यावर शीड दिसलं आणि गाव धावलं. पुढे भागी, हातात तांब्या.

माणसं गुडघाभर पाण्यात उतरली, तोच होडीतून धाकलूचा आवाज आला.

"पाण्यात पाय घालशात तर पाय मोडीन, मेल्यांनू!"

लोक हसले. धाकलू शेवटी शिवी शिकला, असं कोणीतरी म्हणालं. पण तो थांबला नाही. होडीच्या नाळीवर, पुढच्या टोकावर उभा राहून त्यानं एकेक घर नावानं घेतलं. कोणाची सून कुणाकडे जाते, कोणी देवीचं तेल चोरून विकलं, कोणी बापाला उपाशी मारलं. गोड माणसाला सगळे मनातलं सांगतात. गावाचं सगळं मनातलं त्याच्याकडे साठलं होतं, ते त्यानं त्या दिवशी भर पाण्यात ओतलं.

आमचा पूर्वज आंतोबा गावकार तेव्हा होडीपासून दहा हातांवर होता. त्याला धाकलू म्हणाला, "मेल्या भावाचा जाळा चोरलंस आणि आता माजी होडी ओढूक इलंस?"

खरं होतं का? होतं. म्हणून तर आंतोबानं दगड उचलला.

पहिला दगड आमच्या घरचा. मग सगळ्यांनी मारले. लोक मागे हटले नव्हते, काही तर सुरे घेऊन पुढेच निघाले होते. तेव्हा धाकलूनं शेवटचं घर घेतलं, स्वतःचं. आईला म्हणाला, "गे भागी, तुज्या हातचा पाणी कुत्रोसुद्धा पिऊचो नाय." त्याच्या पुढेही काही बोलला. ते फार वाईट होतं. भागीनं हातातला तांब्या वाळूवर टाकला आणि दगड घेतला. तिचा नेम चुकला नाही. कपाळ फुटलं. तेवढा एकदाच त्याचा आवाज कापला, असं सांगतात. मग पुन्हा सुरू.

आईनंच मारल्यावर सुरेवाल्यांचा जोर गेला. ते मागे फिरले. गाव धक्का सोडून वर आलं.

वारा समुद्राकडून बेटाकडे होता. होडी आपसूक वाळूला लागली असती. पण धाकलूनं ती वल्हवत नेऊन या खडकाला बांधली, सात गाठी मारून. तीन दिवस ती तिथंच होती. कोणी नुसतं बघायला धक्क्यावर आलं तरी तिकडून शिवी यायची. पहिल्या दिवशी मोठ्यानं, दुसऱ्या दिवशी घोगऱ्या घशानं. तिसऱ्या दिवशी शब्द कळत नव्हते, पण शिवीच होती. एवढा माज, म्हणून लोक थुंकून परत जायचे. विहीर इथून दिसते तशी त्या खडकावरूनही दिसते, हे त्या तीन दिवसांत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी आवाज बंद झाला. त्याच दिवशी किनाऱ्यावरचं एक गलबत लांबून गेलं. जवळ येईना. त्यावरचा माणूस हाताचा कर्णा करून ओरडला, की किनाऱ्यावर जरीमरी फिरतेय, गावंच्या गावं पडली, कोणाची होडी आली असेल तर तिला हात लावू नका.

गावानं होड्या काढल्या आणि खडकापासून लांबच थांबून आत बघितलं.

दोन्ही गडी शिडाखाली पडलेले होते, ते वाटेतच गेले असावेत. धाकलू नाळीला टेकून बसला होता, तोंड विहिरीकडे. गावानं लांबूनच मशाली फेकून होडी जाळली. त्यानं खरं सांगितलं असतं तर? आमच्या लोकांना मी ओळखतो. 'आपला धाकलू आजारी आहे' म्हणत सगळे होडीवर चढले असते, भागीनं त्याला तांब्यातलं पाणी पाजलं असतं आणि तोच तांब्या फिरला असता. त्याला ते ठाऊक होतं.

भागी त्यानंतर अकरा वर्षं जगली. रोज ओहोटीला कंबरभर पाण्यातून ती खडकापर्यंत जायची आणि गोड्या पाण्याची कळशी तिथं ठेवून यायची. जिथं ठेवायची तिथं कळशीच्या बुडाएवढी वाटी पडली आहे. भरती वरून गेली तरी त्या वाटीतलं पाणी गोडं राहतं, म्हणे. मी चाखलेलं नाही. आमच्यात कोणी चाखत नाही. ते त्याचं पाणी.

मरताना तिनं गावाकडून शब्द घेतला. या धक्क्यावर कोणाला गोड बोलून उतरवायचं नाही आणि कोणाला तहानलेलं परत पाठवायचं नाही.

म्हणून आजही होडी आली की आम्ही पाण्यात उतरत नाही. वीस घरांच्या पाळ्या आहेत. ज्याची पाळी तो धक्क्यावर उभा राहून शिवी घालतो. मनातली नव्हे, धाकलूनं त्या पाळीवाल्याच्या घराला दिलेली. बापानं पोराला शिकवायची, शब्द बदलायचा नाही. मग पाण्याचा तांब्या त्या चपट्या दगडावर ठेवून सात पावलं मागे यायचं. एकविसाव्या घराला, भागीच्या, पाळी नाही. तिला तो शेवटी काय बोलला ते ज्यांनी ऐकलं त्यांनी पुढे कोणाला सांगितलं नाही.

आज पाळी आमची होती. जाळेचोर तुम्ही नव्हे, आम्ही. चष्मेवाले, तुम्ही उलट बोललात त्याचं मला काही नाही. आम्ही तर दगड मारला होता.

पाणी त्या दगडावर ठेवलंय. प्या, तांब्या पालथा घाला आणि ओहोटी लागायच्या आत चालते व्हा.